व्हीआर चष्मा आणि माणसाची आठवण : गावागावांतून वारंवार येणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळेत, वाचनालयात किंवा बचत गटाच्या बैठकीत व्हीआर चष्मा दाखवून झाला, की खरे प्रश्न दोन-चार दिवसांनी फोनवर येतात. यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, भंडारा, कुठूनही आले तरी त्यांचा रोख एकच असतो: या चष्म्यानं आमच्या आणि आमच्या पोरांच्या आठवणीचं काय होतं? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल, तर तिथं क्रमांक दिला आहे.

१. व्हीआर आणि एआर यात फरक काय?

व्हीआर म्हणजे आभासी वास्तव. चष्मा चढवला की समोरचा वर्ग, फळा, खिडकी सगळं नाहीसं होतं आणि दुसरीच जागा दिसते. मान वळवाल तसं दृश्य वळतं. एआर म्हणजे संवर्धित वास्तव. यात खरं जग दिसतच राहतं आणि त्यावर काहीतरी जास्तीचं चढतं. पुस्तकातल्या चित्रावर फोन धरला की धडधडणारं हृदय वर येतं, ते एआर. २०१६ साली पोरं मोबाईल घेऊन पोकेमॉन शोधत हिंडायची, तेही एआरच.

डोक्यावर चढवायचं असं यंत्र आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली करून दाखवलं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. आपल्या गावात येतो तो बहुतेक वेळा पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टिकचा डबा, त्यात आपलाच फोन सरकवायचा. आठवणीच्या बाबतीत दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. व्हीआरमध्ये विचारावं लागतं की ही आठवण खरी कशाची (प्रश्न ६ आणि ७). एआरमध्ये विचारावं लागतं की लक्षात ठेवायची गरज उरते का (प्रश्न ९ आणि १०).

२. आठवण मेंदूत कुठं बनते?

एका जागी नाही, पण प्रसंगांच्या आठवणीसाठी हिप्पोकॅम्पस नावाचा भाग फार महत्त्वाचा. तो दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला असतो. १९७१ साली जॉन ओकीफ यांनी दाखवलं की उंदीर ठरावीक जागी आला की हिप्पोकॅम्पसमधली ठरावीक पेशी जागी होते. २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्याच भागात जागेची मोजपट्टी ठेवणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

म्हणजे जागा ओळखणं आणि प्रसंग साठवणं ही कामं मेंदूत हातात हात घालून चालतात. कुणाच्या लग्नाची आठवण काढली की मांडव कुठल्या बाजूला होता आणि पंगत कुठं बसली होती हेही आपसूक आठवतं, ते यामुळं. व्हीआर नेमकी जागाच उभी करतं, म्हणून त्याचा आठवणीशी संबंध टीव्हीपेक्षा जवळचा आहे.

३. चष्मा लावून शिकलेलं जास्त लक्षात राहतं का?

काय शिकवता यावर आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात ४० जणांना एका आभासी महालात आणि गावात ठिकठिकाणी लावलेले प्रसिद्ध चेहरे लक्षात ठेवायला सांगितले. कोणता चेहरा कुठं होता हे चष्म्यातून पाहिलेल्यांना संगणकाच्या पडद्यावर पाहिलेल्यांपेक्षा ८.८ टक्के अधिक अचूक आठवलं. हा अभ्यास २०१८ साली छापला गेला. गोष्टी मनातल्या मनात घरभर मांडून ठेवायची युक्ती प्राचीन ग्रीक वक्त्यांपासूनची आहे, चष्म्यानं ते घर डोळ्यांपुढं आणलं इतकंच.

उलट बाजूचाही अभ्यास आहे. डेन्मार्कमध्ये २०१९ साली विज्ञानाच्या आभासी प्रयोगशाळेतला एकच पाठ काहींना चष्म्यातून आणि काहींना साध्या पडद्यावर दिला. चष्मेवाल्यांना आपण तिथंच आहोत असं जास्त वाटलं, पण शिकले ते कमी. बघण्यातच मेंदूची ताकद खर्ची पडली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जे जागेशी बांधता येतं त्याला चष्मा वापरा: लोणारचं विवर, किल्ल्याची रचना, हृदयाचे कप्पे, सूर्यमाला. व्याख्या, सूत्रं, व्याकरण यांना फळा आणि वहीच बरी.

४. मग वर्गात वापरायचा कसा, सर?

चष्मा काढल्यानंतरच्या दहा मिनिटांवर सगळं अवलंबून आहे. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात व्हीआर पाठापेक्षा साध्या स्लाइड पाहिलेल्या मुलांना जास्त उत्तरं आली. पण तोच व्हीआर पाठ तुकड्यांत दाखवून प्रत्येक तुकड्यानंतर 'काय पाहिलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा' म्हटलं, तेव्हा व्हीआरवाल्यांचंही शिकणं सुधारलं.

आमच्या भागात चष्मे दोन आणि पोरं पस्तीस, ही अडचण वाटते, पण तिचाच उपयोग करून घ्या. एकानं पाहायचं आणि दुसऱ्यानं त्याला विचारत राहायचं: "आता उजवीकडं काय हाय? खाली पाह्य, काय दिसते?" पाहणारा बोलतो, ऐकणारा वहीत आकृती काढतो, मग अदलाबदल. बोलून सांगावं लागतं म्हणून पाहणाऱ्याचं लक्ष भटकत नाही, आणि काढलेली आकृती चुकली तर दोघंही परत पाहतात. एका वेळी पाच-सात मिनिटं पुरे. एप्रिलमध्ये दुपारी फोन इतका तापतो की पडदा आपोआप मंद होतो, म्हणून हे काम सकाळच्या शाळेत उरकावं.

५. चष्म्यात शिकलेलं परीक्षेच्या बाकावर आठवते का?

थोडं कमी आठवू शकतं. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर पाठ करायला दिले. जिथं पाठ केले तिथंच विचारलं तर जास्त आठवले. अलीकडं तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक दिसला नाही, त्यामुळं त्या आकड्यांवर फार विसंबू नये. पण २०२१ मध्ये व्हीआरवर झालेल्या एका अभ्यासातही आभासी जागेतून खऱ्या जागेत आल्यावर आठवण थोडी घटलेली दिसली.

यावर उपाय सोपा आहे. तोच मुद्दा चष्म्यात एकदा, वर्गात एकदा आणि घरी ओट्यावर आजीला सांगताना एकदा घ्या. ज्ञान एकाच जागेला चिकटून राहिलं नाही की ते कुठंही हाताशी येतं.

६. माह्या पोराले वाटते का तो खरंच ताडोब्याले जाऊन आला. हे खोटं बोलणं हाय का?

नाही ताई, त्याला रागावू नका. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौथीतल्या एका मुलानं शाळेत ताडोब्याचा ३६० अंशांचा व्हिडिओ पाहिला. जिप्सी वळली तसा तो बाकावर एका कुशीला कलला, फांदी जवळ आली तेव्हा त्यानं मान खाली घातली, आणि वाघीण रस्ता ओलांडताना दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी त्यानं सांगितलं की वाघीण आमच्या गाडीच्या अगदी जवळून गेली आणि धुराळ्याचा वास आला. व्हिडिओत वास नसतो. तो त्याच्या वावराकडच्या पांदण रस्त्यावरून आला, आणि आठवणीनं दोन्ही गोष्टी एकत्र शिवल्या.

आठवणीवर 'ही कुठून आली' अशी चिठ्ठी लावलेली नसते. ती पाहिली, ऐकली, स्वप्नात आली की मनात रंगवली, हे आपण आठवताना तिच्यातल्या खुणांवरून ओळखतो. जागा कशी होती, अंग कसं हललं, काय ऐकू आलं, कसं वाटलं, या खुणा भरपूर असल्या की मन म्हणतं, हे घडलं असणार. चष्मा नेमक्या याच खुणा भरभरून देतो. ही छाननी करायची ताकद लहान मुलांत पूर्ण वाढलेली नसते.

२००९ साली स्टॅनफर्डच्या सेगोव्हिया आणि बेलेन्सन यांनी मुलांना व्हीआरमध्ये व्हेल माशांसोबत पोहण्याचा प्रसंग दाखवला आणि काही दिवसांनी विचारलं. प्राथमिक शाळेतल्या मुलांपैकी ज्यांनी तो व्हीआरमध्ये पाहिला किंवा मनात रंगवला, त्यांनी 'हो, असं झालं होतं' असं नुसतं ऐकलेल्या मुलांपेक्षा जास्त वेळा सांगितलं. बालवाडीच्या वयाची पोरं तर कशानंही फसत होती, नुसत्या ऐकण्यानंसुद्धा.

घरी तीन गोष्टी करा. चष्मा घालायच्या आधी सांगा की आता आपण पाहणार आहोत, जाणार नाही. काढल्यावर लगेच विचारा: "यात खरं काय होतं? तुझे पाय कुठं होते? हात कशाला लागले?" आणि पुढं कधी त्यानं ती गोष्ट सांगितली, तर न हिणवता एवढंच जोडा, "हो, शाळेतल्या चष्म्यात दिसली होती ना, ती." खोटारडा म्हटलंत तर मूल गोष्टी सांगणंच बंद करेल, आणि सांगण्यानंच तर आठवण नीट लागते.

७. आम्हा मोठ्या माणसांचंही असं होते का?

कमी प्रमाणात, पण होतं. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ पासून दाखवून दिलं आहे की नुसत्या प्रश्नातला एक शब्द बदलला तरी मोठ्या माणसाची अपघाताची आठवण बदलते. त्यांच्या प्रयोगात गाड्या 'धडकल्या' असं विचारलं की लोकांना वेग जास्त आठवला, आणि काहींना तर नसलेल्या फुटक्या काचाही दिसल्या.

व्हीआरमध्ये मोठ्यांना आपण आज चष्मा घातला होता हे नक्की आठवतं. घसरतात ते बारीकसारीक तपशील: ही वस्तू चष्म्यातल्या खोलीत होती की खऱ्या खोलीत, हे वाक्य व्हिडिओत ऐकलं की शेजाऱ्यानं म्हटलं. यामुळंच चष्म्यातून औषध फवारणीचं प्रशिक्षण घेणाऱ्याला माझा आग्रह असतो की औषधाचं प्रमाण आठवणीवर सोडू नका, डब्यावरची चिठ्ठी वाचा.

८. व्हीआरमध्ये उंदरांच्या मेंदूतल्या पेशी बंद पडल्या असं वाचलं. मग पोरांनी चष्मा घालावा का?

बातमी खरी, अर्थ मात्र चुकीचा लावला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रात मयंक मेहता यांच्या प्रयोगशाळेनं हे काम केलं. उंदीर एका मोठ्या चेंडूवर जागच्या जागी धावत होते आणि भोवती पडद्यावर आभासी खोली होती. हुबेहूब तशाच खऱ्या खोलीत जागणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या पेशींपैकी सुमारे ६० टक्के पेशी आभासी खोलीत शांत राहिल्या. उरलेल्यांचा जागेचा नकाशाही विस्कळीत होता. हे निष्कर्ष २०१३-१४ मधले.

पेशी मेल्या नाहीत, त्या खोलीपुरत्या गप्प बसल्या. कारण खरी जागा फक्त डोळ्यांनी कळत नाही. वास लागतो, कानाच्या आतला तोल लागतो, पावलाखालची जमीन लागते. याच प्रयोगशाळेनं २०२१ मध्ये असंही दाखवलं की व्हीआरमध्ये शिकण्याशी जोडलेली मेंदूतली एक लय उलट अधिक ठळक होते. म्हणून शाळेतल्या पाच मिनिटांची धास्ती नको. मात्र दिवसचे दिवस बसूनच आभासी जगात काढणाऱ्या मुलाची मला खरोखर काळजी वाटते, कारण जागेचा पक्का नकाशा पायी चालूनच बनतो.

९. मोबाईलच्या नकाशानं रस्ते लक्षात राहत नाहीत म्हणतात. एआर चष्म्यात रस्त्यावरच बाण दिसले तर काय होईल?

२०२० च्या एका कॅनेडियन अभ्यासात दिसलं की जीपीएस जितकं जास्त वापरावं, तितकी स्वतःच्या बळावर वाट शोधताना आठवण दुबळी पडते. एआरचा बाण तर थेट रस्त्यावर उमटतो. आजूबाजूला बघायचं कारणच उरत नाही, आणि जे बघितलं नाही ते लक्षात कुठून राहणार? लंडनच्या टॅक्सीवाल्यांना हजारो गल्ल्या पाठ कराव्या लागतात. २००० साली त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला होता.

आता आपल्याकरता महत्त्वाचं. वाट शोधण्याच्या एका मोबाईल खेळातून ३८ देशांतल्या सुमारे चार लाख लोकांची माहिती तपासून २०२२ मध्ये 'नेचर' नियतकालिकात एक अभ्यास आला. शहराबाहेर वाढलेली माणसं सरासरीनं वाट शोधण्यात सरस निघाली. ज्या शहरांचे रस्ते सरळ चौकटीत आखलेले आहेत, तिथं वाढलेल्यांशी तुलना केली तर हा फरक जास्तच दिसला. वाकड्यातिकड्या पांदणी, धुऱ्यावरची वाट, नाल्याचं वळण, हिवराचं एकटं झाड, यांतून ढोरं घेऊन घरी येणारं पोर रोज हाच सराव करतं. हे आपलं धन आहे आणि ते बाणाच्या सवयीनं घालवू नये. अनोळखी शहरात दवाखाना शोधायचा असेल तेव्हा बाण जरूर वापरा.

१०. एआर बघून मोटार दुरुस्ती शिकता येते का? हात शिकतात का?

काम त्या वेळी झटपट होतं. कोणता नट आधी, कोणती वायर कुठं, हे समोरच दिसतं. पण सगळं दिसत असताना केलेलं काम चष्मा काढल्यावर हातात किती उरतं, ही वेगळी गोष्ट. पहिल्यांदा एआर पाहून करा, दुसऱ्यांदा बंद करून करा, अडलात तरच उघडा. आठवायला जोर लावावा लागतो तेव्हाच कौशल्य टिकतं. आणि विजेची मोटार असेल तर आधी मेन स्विच बंद.

११. आईला आजकाल आठवत नाही. चष्म्यानं फायदा होईल का?

विसरभोळेपणा चष्म्यानं बरा होत नाही. असं सांगून कुणी यंत्र विकत असेल तर घेऊ नका. व्हीआरचा चांगला उपयोग निदानाच्या बाजूला दिसतो आहे. केंब्रिजमध्ये २०१९ साली चष्म्यातून वाट शोधायची चाचणी दिली, तेव्हा अल्झायमरची सुरुवातीची लक्षणं असलेली माणसं बाकीच्या विसराळू माणसांपासून वेगळी ओळखता आली. वाट चुकणं हे अगदी आधीचं लक्षण असू शकतं. आई नेहमीच्या रस्त्यावर गोंधळत असेल तर डॉक्टरांना नेमकं हेच सांगा.

मन रमवण्यासाठी मात्र चष्मा छान. देवदर्शनाचा व्हिडिओ लावल्यावर एका आजीनं हात जोडून विचारलं, "पाया पडू का?" आम्ही हो म्हटलं. नंतर बराच वेळ त्या माहेरच्या दिंडीबद्दल बोलत होत्या. मात्र बसवून, कुणीतरी खांद्याला हात लावून आणि दोन-तीन मिनिटंच दाखवा. चक्कर येऊन पडणं या वयात परवडत नाही. ज्यांना भास होतात त्यांना दाखवू नका.

१२. वाघाच्या हल्ल्यातून वाचलेल्या माणसाला ती आठवण सतावते. व्हीआरनं पुसता येते का?

पुसता येत नाही. उपचारात भीतीच्या आठवणीशेजारी 'आता मी सुरक्षित आहे' अशी दुसरी आठवण बसवली जाते. १९९५ साली बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवर व्हीआरचा असा वापर करून दाखवला, पुढं तो युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीही झाला. यात पायरी पायरीनं जायचं असतं आणि शेजारी प्रशिक्षित माणूस लागतोच. घरी हौसेनं वाघाचा व्हिडिओ दाखवलात तर भीती वाढेल. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या, किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा.

१३. किती वयापासून आणि किती वेळ?

चष्मा बनवणाऱ्या काही कंपन्या १०, तर काही १२ वर्षांखालच्या मुलांना नको म्हणतात. मी त्याखाली देतच नाही, अपवाद शिक्षक शेजारी असताना पाच मिनिटांचा. कारण प्रश्न ६ मध्ये आहे. मळमळलं की लगेच काढा.

१४. आमचं गाव धरणात गेलं. चष्म्यात ते पुन्हा उभं करून म्हाताऱ्यांना दाखवावं म्हणतो. आठवण टिकेल ना?

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावं बुडिताखाली गेली. त्यामुळं हा प्रश्न त्या बाजूनं नेहमी येतो. करण्यासारखं काम आहे, पण क्रम चुकला तर नुकसान होईल.

आठवण दर वेळी काढताना थोडा वेळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की होताना नवी माहिती आत घेते. तुमच्या आभासी गावात कडुनिंब मारुतीच्या पाराच्या उजवीकडं लागला आणि खरा डावीकडं होता, तर दोन-तीनदा पाहिल्यावर आबाजींनासुद्धा तो उजवीकडंच आठवू लागेल. इतकं जिवंत चित्र समोर असताना स्वतःच्या धूसर आठवणीवर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून आधी प्रत्येकाला वेगवेगळं बसवून गावाचा नकाशा जमिनीवर काढायला लावा आणि ते बोलणं जसंच्या तसं रेकॉर्ड करा. एकमेकांचं ऐकू देऊ नका, नाहीतर सगळे पहिल्या माणसाचं बोलणं उचलतील. विहीर, चावडी, बोडीची (गावतळ्याची) पाळ, कोणाचं घर कुठल्या दिशेला, हे सगळं मग ताडून बघा. जिथं दोघांचं जुळत नाही तिथं आभासी गावात घर उभं करू नका, जागा मोकळी ठेवा आणि तिथं दोघांचे आवाज लावा. गावाचे जुने महसुली नकाशे तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवा, त्यावरून रस्ते आणि सीमा बसवा. हे सगळं झाल्यावरच चष्मा म्हाताऱ्यांच्या हातात द्या, आणि रेकॉर्डिंगच्या दोन प्रती ठेवा, त्यातली एक ग्रामपंचायतीत.